कपाटाचा धूर

मानीबाई भित्री आहे, हे बोरी अरबजवळच्या तांड्यात कोणाला सांगावं लागत नसे. विहिरीत वाकून बघायला ती भ्यायची, रेल्वेच्या शिट्टीला भ्यायची, खाकी कपड्यातल्या कुठल्याही माणसाला भ्यायची. टपालवाला बिचारा कोणाची तरी खुशाली घेऊन सायकल ढकलत यायचा, तर ही मागच्या दारानं पसार. बाया तिला चिडवायच्या, "काहून वं मानी, आज सावलीनं वाट नाई अडवली तुयी?" मानीबाई हसायची. पण हसता हसता एकदा मागं वळून बघायची, आणि ते कोणाच्या नजरेतून सुटत नसे.

अशा बाईच्या हातात दिवसभर असायचा फुटक्या काचेचा तुकडा. त्याला कारण तिचा नवरा नेमसिंग. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या आणि तांडे जमिनीला चिकटले. नेमसिंगचंही कपाशीचं नि तुरीचं वावर होतं, पण पायांतली भिंगरी काही गेली नव्हती. वेचणी आटोपली की तो बंडी जुंपायचा आणि बंद पडलेलं कापसाचं जिन, बदली झालेल्या साहेबाचा बंगला, रिकामं झालेलं घर असं शोधत फिरायचा. येताना बंडीत तीन पायांचं टेबल, पाठ नसलेल्या खुर्च्या, दार लोंबणारी कपाटं. "आज्यानं मीठ वाह्यलं, मी खुर्च्या वाहून राह्यलो," असं तो वर मोठ्या ऐटीत सांगायचा.

वाहणं त्याचं, निस्तरणं मानीबाईचं. बैलांच्या कोठ्याच्या एका कोपऱ्यात ती बसायची. आधी सामान धुऊन उन्हात टाकायचं. मग काचेच्या धारेनं जुना रंग, जुनं पॉलिश खरवडून काढायचं, सुटलेले सांधे सरस लावून दोरीनं आवळायचे, किडीची भोकं भुशाच्या लगद्यानं बुजवायची. लाकूड उघडं झालं की जवसाचं तेल, आणि ते मुरलं की लाखेच्या पॉलिशचे हात. कापसाच्या बोळ्याला चिंधी गुंडाळून ती असे काही हात द्यायची की दारव्ह्याचे दुकानदार सामान बघायला आपणहून तांड्यावर यायचे. काचेनं बोट कापलं तरी तिच्या तोंडून हाय निघत नसे. लाकडापाशी बसलेली मानीबाई आणि लाकडापासून उठलेली मानीबाई या दोन वेगळ्या बाया होत्या, असं मला वाटतं.

तिची भीती उगाच नव्हती, हेही सांगायला हवं. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी ती आणि तिची धाकटी बहीण, दोघींना एकदमच देवी आल्या. देवी आली म्हणजे शीतळा याडी, शीतळा आई, घरी आली. मग घरात फोडणी द्यायची नाही, औषधपाणी करायचं नाही, आणि अंगाला तेलाचा थेंबही लावायचा नाही. पण धाकटी आगीनं तळमळत होती. आईला ते बघवेना. तिनं एका दुपारी चोरून तिच्या अंगाला तेल लावलं. पोर दुसऱ्या दिवशी गेली. अख्खा तांडा म्हणाला, तेलानं गेली. आईनं ते ऐकून घेतलं आणि मरेपर्यंत पुन्हा कोणाच्याही डोक्याला तेल लावलं नाही. कोपऱ्यात पडल्या पडल्या हे सगळं बघणारी मानी जगली, पण भीती तिच्या अंगात घर करून बसली ती कायमची.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात तिची सून लालीबाई पोटुशी होती. मुलगा उत्तमसिंग राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला, त्यामुळे सून सासूच्या पदरात. लाली केळापूरकडची, हसरी, थोडी लाडावलेली. तिला दिवस गेले आणि भाकरीचा वास सहन होईना. ज्वारीची भाकर तव्यावर पडली की ही तोंड दाबून अंगणात. पोट वाढत होतं आणि पोर वाळत होती. दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, "रक्त कमी आहे. गूळ, तीळ, खारीक, जवस पोटात गेलं पाहिजे. तळलेलं देऊ नका." हे सगळं घरात होतं, पण लालीच्या गळ्याखाली उतरेल तर शपथ. एकदा मानीबाईनं डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "मंग खाशील तरी काय वं?" लाली म्हणाली, "पांढरकवड्याले मोटार-स्टँडवर बिस्कुट खाल्लं होतं. तसं असलं तर खाईन."

आता तांड्यात बिस्कुट कोण करणार? पण मानीबाईला शेणाच्या गोवऱ्यांवर रोडगे भाजता येत होते, आणि भाजण्याचीच तर गोष्ट आहे, असं तिनं मनाला समजावलं. ज्वारीचं नि गव्हाचं पीठ, गूळ, कुटलेले तीळ-जवस, खारकेची पूड, थोडं लोणी. मातीच्या मडक्यात वाळू, वाळूवर थाळी, थाळीत चपट्या गोळ्या, वर तवा आणि तव्यावर निखारे. पहिली खेप बैलानंही हुंगून सोडली. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ भडकतो आणि लगेच बसतो, तुराटीचंही तेच. बिस्कुट बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं. मंद आणि टिकून राहणारी आच हवी होती.

त्याच दिवसांत नेमसिंगनं ते कपाट आणलं. माणसाच्या उंचीचं, अस्सल सागाचं, दारव्ह्याच्या एका कापडवाल्याच्या बंद घरातलं. बंडीवरून उतरवताना तो सहज बोलून गेला, "त्या घरात देवी आलत्या म्हनते. दोघं गेले. मंग बाकीच्यायनं घर सोडलं."

मानीबाईच्या हातातला दोर सुटला. "वापस नेऊन टाका."

"दोन वर्सं झाली त्याले."

"नेऊन टाका मनलं ना!"

"तू तं वाऱ्याले बी भेशील," नेमसिंग हसला आणि त्यानं कपाट कोठ्यात लोटलं. मानीबाईनं ते कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतलं, कितीतरी दिवस उन्हात ठेवलं, लालीला त्याच्या जवळ फिरकू दिलं नाही. कपाट कुठल्या घरातलं आहे, हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल, असं तिला वाटत होतं.

मग एके दिवशी तिनं काच उचलली. बाहेरचं लाल पॉलिश सहज निघालं. पण पाठीला आणि आतून कोणीतरी काळा जाड थर दिला होता. डांबर असेल, ती म्हणाली, उधई-वाळवी लागू नये म्हणून लावतात. तो थर निघता निघेना. खरवडून खरवडून टोपलंभर काळ्या तेलकट ढलप्या निघाल्या. त्या टाकून देईल तर ती मानीबाई कसली! चुलीत मूठभर टाकून बघितल्या, तर काय आच! भडकणं नाही, विझणं नाही, तासभर सारखी धग. त्या दिवशीचं बिस्कुट खुसखुशीत झालं. लाली मडक्यावर वाकून वास घेत बसली होती. तिनं गरम गरम बिस्कुट या हातातून त्या हातात करत खाल्लं आणि दुसरं मागितलं. कितीतरी महिन्यांनी तिनं काहीतरी मागून खाल्लं होतं. मानीबाईला इतका आनंद झाला की तिला त्या आनंदाचीही भीती वाटली. दुसऱ्या दिवशीही भाजणं, तिसऱ्या दिवशीही. धूर डोळ्यांत जायचा, लाली खोकत हसायची, पण मडक्यापासून हलायची नाही.

चौथ्या दिवशी सकाळी लाली उठली ती सुजलेलं तोंड घेऊन. ओठ सुजलेले, डोळे बारीक झालेले, कपाळावर आणि गालांवर पाण्याच्या बारीक पुळ्या. अंगही जरा तापलेलं. "याडी, मले काय झालं?" तिनं विचारलं. मानीबाईच्या हातातला तांब्या तिथंच पडला. तिला कपाट दिसलं, कापडवाल्याचं बंद घर दिसलं आणि आपली धाकटी बहीण दिसली.  

शेजारची रुपीबाई म्हणजे तांड्यातली जाणती. बाळंतपण असो, पंचमी असो, तिच्या शब्दावाचून पान हलायचं नाही. तिनं दारातूनच बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "शीतळा याडी आली," ती हळू आवाजात म्हणाली. "आता कोनी जोरात बोलाचं नाई. दार लावून घे. लिंबाची डहायी बांध. तेल, फोडनी सारं बंद. सकाय-संध्याकाय धुनी दे. याडी खुशीत आली, खुशीत जाईन."

दारावर लिंबाची डहाळी लागली आणि अंगणात माणूस येईनासं झालं. डॉक्टरचं नाव कोणी काढलं नाही, देवी आल्या तर तेव्हा काढतही नसत. नेमसिंग उत्तमसिंगला आणायला राजूरला निघाला. जाताना त्यानं बायकोच्या तोंडाकडे बघितलं, एकदा कोठ्याकडे बघितलं आणि स्टेशनाची वाट धरली. कपाटाची आठवण त्यालाही झाली होती. घरात राहिल्या दोघी, एक सुजलेली आणि एक भेदरलेली.

मानीबाईनं सगळं रुपीबाईनं सांगितल्यासारखं केलं. दार लावलं. खापरात निखारे घेतले, वर लिंबाचा पाला, ऊद, आणि धुनी लवकर विझू नये म्हणून चांगल्या टिकणाऱ्या त्याच काळ्या ढलप्या. खोली धुरानं भरून गेली. हात जोडून ती पुटपुटत राहिली, याडी, चूक झाली, कपाट मी ठेवून घेतलं, शिक्षा मला कर. संध्याकाळी लालीचे डोळे सुजून पूर्ण मिटले. मानीबाईनं दुसरी धुनी दिली. सकाळी गळा सुजला, आवाज बसला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मानीबाईनं जास्तीच्या ढलप्या टाकून तिसरी धुनी दिली. देवी कोपली आहे, अजून विनवायला पाहिजे, एवढंच तिला कळत होतं.

दुपारी लालीनं चाचपडत तिचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. मग मान हलवली, नाही म्हणून. पोटातलं हलत नव्हतं. मानीबाईनं हात तसाच ठेवून वाट बघितली. काहीच हललं नाही. तिला वाटलं, उठावं आणि पळत सुटावं, वावरातून, रुळांवरून, जिथं कोणी ओळखणार नाही तिथपर्यंत. पाय तर उठलेही होते. पण लालीनं पदर मुठीत धरून ठेवला होता.

तिच्या स्वतःच्या हाताला दोन दिवसांपासून आग होत होती. दंडापासून मनगटापर्यंत हाडाच्या बांगड्यांचा चुडा, त्याच्याखाली काय चाललं आहे ते तिनं मुद्दाम बघितलं नव्हतं. कोणी बघितलं तर तिलाही वेगळं काढतील आणि लालीपाशी कोणी उरणार नाही. आता खाज सहन होईना म्हणून तिनं बांगड्या वर सरकवल्या. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं खरवडताना ढलप्या उडून बसत, तिथं तशाच पाण्याच्या पुळ्या. लालीच्या गालावर होत्या तशाच.

ती भिंतीला टेकली. याडी परत माझ्याकडे आली, हा पहिला विचार. आणि मग तिचा हात आपोआप गालावरच्या वणांवर गेला. देवी एका माणसाला दोनदा येत नाहीत. हे रुपीबाईला ठाऊक होतं, तांड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मग हे काय आहे?

हे काय आहे ते तिच्या हाताला तिच्या आधी कळलं. लहानपणी जंगलातून बिबे आणायचे, फोडून आतली गोडांबी काढायची, आणि टरफलातलं काळं तेल अंगाला लागलं की असंच उतायचं. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याचं अख्खं अंग सुजतं. बिब्याच्या लाकडाचा धूर लागला तरी सुजतं. ती कोठ्यात गेली. कपाटाच्या आतल्या सांध्यात काळं साचून राहिलं होतं, तिथं तिनं काच घातली. डांबर असतं तर टवका उडाला असता. हे चिकट होतं, काचेला धरून येत होतं. तिनं काच निखाऱ्यापाशी नेऊन जरा तापवली आणि वास घेतला. उधई लागू नये म्हणून तांड्यातही घराच्या खांबांच्या बुडाला बिब्याचं तेल देत. हे तेच होतं. तीन दिवस तिनं बिबा जाळून बिस्कुट भाजलं होतं, आणि त्यानंतर दार लावून सुनेला त्याचीच धुनी दिली होती.

ती धावत घरात आली आणि खापर उचलून अंगणात फेकलं. दार सताड उघडलं. पाट्यावर तीळ आणि खोबरं वाटायला घेतलं, वर लोण्याचा गोळा. बिब्यावर हाच उतारा. वाटण्याचा आवाज ऐकून रुपीबाई आली आणि दारातच थांबली.

"हे काय करून राह्यली तू?"

"बिबा उतला तिले. देवी नोहे हे. मायं मनगट पाह्य."

"आन् देवी असन तं?" रुपीबाई म्हणाली. तीही भ्याली होती, वाईटावर नव्हती ती. "तेल लावशीन तं याडी कोपन. एक नाई, दोन जीव जातीन, मानी. तुया घरी मांगं का झालं, तुले मालूम नाई का?"

मालूम होतं. पाट्यावरचा हात थांबला. बहिणीला लावलेल्या तेलाचा वास तिला अजून आठवत होता. आपलं चुकलं तर? पुळ्या दोघींच्या वेगळ्या असल्या तर? लालीला देवी आणि आपल्याला बिबा, असंही असू शकतं. उद्या उत्तमसिंग येईल, त्याला काय सांगायचं, तुझ्या आजीनं केलं तेच मी केलं? आतून श्वासाची शिट्टी येत होती, आधीपेक्षा बारीक. मानीबाईनं पाट्यावरचं वाटण निपटून त्याचा गोळा केला. तिनं तो उचलला.

"मले लय भेव वाटून राह्यलं, रुपी," ती म्हणाली. "पन आता तू दारातून बाजूले हो."

रुपीबाई बाजूला झाली, पण गेली नाही. अंगणात तोंडाला पदर लावून बसून राहिली. मानीबाईनं लालीच्या कपाळावर, पापण्यांवर, ओठांवर, गळ्यावर तो लेप लावला. प्रत्येक बोट टेकवताना आपण हिला मारत आहोत असं तिला वाटत होतं. लोण्यात मऊ केलेलं खोबरं तिनं ओठांतून घशाखाली सोडलं. मग उरलेलं स्वतःच्या तोंडाला फासलं, कारण आता तिचेही गाल जड व्हायला लागले होते. शेवटची धुनी तिच्याही तोंडावर गेली होती.

ती रात्र मी सांगत बसत नाही. ज्यानं कोणाचा श्वास मोजत रात्र काढली आहे, त्याला ती माहीत आहे, आणि ज्यानं काढली नाही, त्याला न कळो.

उजाडता उजाडता मानीबाईचा डोळा लागला. ती बसल्या बसल्या लालीच्या तोंडावरच झुकली होती. दारातून ऊन आलं. लालीची उजवी पापणी थरथरली, लेप तडकला, आणि बारीकशी फट उघडली. त्या फटीतून तिला दिसलं काय, तर वीतभर अंतरावर एक तोंड, भोपळ्याएवढं सुजलेलं, पांढऱ्या लेपानं माखलेलं, डोळ्यांच्या जागी दोन चिरा.

लाली किंचाळली. आदल्या सकाळपासून जिच्या गळ्यातून शब्द फुटत नव्हता, ती अशी किंचाळली की कोठ्यातल्या बैलांनी दावी ताणली आणि रुपीबाई अंगणातून "काय झालं, काय झालं" करत आत आली.

मानीबाई दचकून जागी झाली. आधी तीही ओरडणार होती. मग तिला कळलं, ही ओरडली. गळा मोकळा झाला. एवढा मोठा आवाज निघायला छातीत वारं जावं लागतं, ते जातं आहे.

"भिऊ नको वं, मी हाओ," ती म्हणाली. "मी हाओ, याडी तुयी."

लालीनं आवाज ओळखला आणि रडायला लागली. रडता रडता एकदम थांबली. तिनं मानीबाईचा हात ओढला आणि पोटावर दाबून धरला. आत काहीतरी जोरात आपटलं. मग पुन्हा. ओरडण्यानं पोटातलंही दचकलं होतं आणि आता लाथा झाडत होतं.

मानीबाईनं दोन्ही हात तिथंच ठेवले. तिच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी यायला वाट नव्हती, ते कुठून कुठून निघत होतं.

"वरड, माय," ती म्हणाली. "आजून एकडाव वरड."